टाकीतला उसासा

पालेगावच्या फाट्यावर चिंचेखाली इतकी गर्दी होती की बदलापूरकडे जाणारे टेंपो हॉर्न मारून थकले. मधोमध एक बुलेट बंद पडून उभी होती. टाकीवर हात ठेवून महिपती महाराज डोळे मिटून उभे होते.

"कुणी बोलू नका. बाई टाकीत बसलीय. पेट्रोल धरून ठेवलंय तिनं."

महाराजांनी टाकीचं झाकण हळूच फिरवलं. सूंऽऽ असा आवाज आला, कुणीतरी उसासा टाकावा तसा. पुढच्या बायकांनी हात जोडले. महाराजांनी टाकीत फुंकर मारली, लाल फडक्यानं झाकण घासून घासून पुसलं, परत लावलं.

"मार किक."

चौथ्या किकला बुलेट धडधडली. लोकांनी जयजयकार केला. बुलेटवाला हरिचंद्र, माझा शेजारी, त्यानं नारळ फोडला. मग मी दिसलो तशी त्यानं मान खाली घातली. कारण टाकीतली बाई म्हणजे माझी बायको, असं अख्खं गाव म्हणत होतं.

अंजना त्या वर्षी, अठ्ठ्याऐंशी साली, श्रावणात काविळीनं गेली. ती उल्हासनगर कॅम्प पाचला शिवणकामाला जायची. सकाळी माझ्या राजदूत मोटारसायकलवर मागे बसायची, मी तिला तिथं सोडून पुढे कामावर जायचो. ती गेली आणि महिन्याभरात महाराज चिंचेखाली येऊन बसले. रस्त्यावर गाड्या बंद पडायला लागल्या. महाराज म्हणाले, ही मोटारसायकलवर मागे बसणारी बाई आहे, लेकरू ठेवून अवेळी गेलेली. नाव त्यांनी घेतलं नाही. नाव गावानं लावलं.

आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. देव्हारा नाही, अंगारा नाही. मी दुर्लक्ष केलं असतं. पण माझी अकरा वर्षांची मुलगी उत्पला एक दिवस शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "पोरं म्हणतात, तुझी आई गाड्या अडवते."

मी तिचं दप्तर उचलून खुंटीला अडकवलं.

"बाबा, ती माझ्याशी का बोलत नाही? गाड्यांशीच का?"

माझ्या सासूबाई, जनाबाई, तेव्हा आमच्याकडेच राहायच्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, मी ऐकलाय आवाज. भांडी घासून झाली की ती असाच उसासा टाकायची."

"आई, तो टाकीचा आवाज आहे."

"टाकी कशाला उसासा टाकेल?"

मी कारखान्यात टाइमकीपर. गाडीतलं मला एवढंच कळायचं की पेट्रोल घातलं की चालते.

महाराजांनी उपाय सांगितला होता. येत्या रविवारी चिंचेत खिळा ठोकून बाईला कायमची बांधायची, आणि पहिला घाव पोटच्या मुलीनं घालायचा. सासूबाईंनी होकार देऊन टाकला होता. सुटेल बिचारी, एवढंच त्या म्हणत होत्या. माझ्या मुलीच्या हातात हातोडा देऊन तिच्या आईला झाडाला ठोकणार होते. आणि मला भांडायचंही बळ नव्हतं.

गुरुवारी कामावरून येताना फाट्याच्या अलीकडे, रस्त्याच्या मोरीपाशी हरिचंद्र बुलेट ढकलताना दिसला. पुन्हा बंद पडली होती.

"कुठं ढकलतोस?"

"चिंचेकडे. महाराजांकडे."

"पण बंद तर इथं पडली."

"तेच ते. चिंचेपाशीच पडली म्हणायची." तो घामानं निथळत होता. "तुझी राजदूत कशी रे कधी थांबत नाही? लोक म्हणतात, नवऱ्याला कशी अडवेल."

मी त्याच्या टाकीकडे बघितलं. झाकणावर शेंदराचा जाड गोळा थापलेला होता.

"हे काय?"

"कॅम्प पाचच्या नाक्यावर महाराजांचा चेला लावतो. रस्त्यात बाधा होऊ नये म्हणून. फुकट लावतो."

माझ्या राजदूतच्या झाकणावर काही नव्हतं. नुसतं एक बारीक भोक होतं, रोज दिसायचं, कधी बघितलं नव्हतं. ते बघताना मला दवाखाना आठवला. अंजनाला सलाईन लावलं होतं, काचेच्या बाटलीतून. एकदा थेंब पडायचे थांबले. मी धावत जाऊन नर्सबाईंना आणलं. त्यांनी बाटलीच्या बुचात आणखी एक सुई खुपसली, नळी नसलेली, नुसती सुई. थेंब पुन्हा सुरू झाले. "हवा आत गेल्याशिवाय पाणी खाली येत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी काडेपेटीतली एक काडी घेतली आणि हरिचंद्रच्या झाकणातल्या भोकातला शेंदूर खरवडला. भोक मोकळं झालं तसा तो आवाज आला. सूंऽऽ. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. जरा थांबून हरिचंद्रनं किक मारली. गाडी चालू झाली.

"आयला," तो म्हणाला, आणि झाकणावरचा उरलेला शेंदूर बोटानं पुसून काढला.

रविवारी चिंचेखाली हातोडा, खिळा, हळदकुंकू, सगळी तयारी होती. महाराज रंगात आले होते. "सात नद्यांचं पाणी प्यालेला खिळा आहे हा. याच्यापुढे कुणाची बिशाद नाही." तेवढ्यात कॅम्प पाचचा एक सिंधी शेठ घामाघूम होऊन आपली येझदी ढकलत आला. झाकणावर ताजा शेंदूर.

"साईं, मेरी गाडी में भी वही बाई है क्या? नाके पे टिळा लावला, दोन मैलात बंद."

महाराज पुढे झाले. मी त्यांच्या आधी टाकीवर हात ठेवला.

"महाराज, आज मी काढतो बाईला. आधी उदबत्त्या विझवा, पेट्रोल आहे."

"तुला बाधेल, धर्मराज."

"माझीच बायको आहे ना? बाधू दे."

माणसं हसली, पण जवळ आली. मी उत्पलाला पतंगाच्या कागदाचा एक तुकडा दिला आणि भोकाच्या अगदी जवळ धरायला सांगितलं. काडीनं शेंदूर टोकरला. सूंऽऽ आवाज आला आणि कागद भोकाला जाऊन चिकटला.

उत्पलानं कागदाकडे बघितलं, मग आजीकडे. "आजी, हा वारा आत चाललाय. आईचा उसासा बाहेर यायचा."

महाराज म्हणाले, "बाई श्वास ओढतेय."

"मग परत सोडत का नाही?" उत्पला म्हणाली.

शुक्रवारी माझ्या राजदूतवर करून बघितलं होतं, तशीच मी टाकीतून कार्बोरेटरला, म्हणजे इंजिनाकडे जाणारी नळी काढून खाली बाटली धरली. पेट्रोलची धार लागली. "आता भोकावर अंगठा दाब." तिनं दाबला. धार बारीक झाली, थेंब झाले, थांबली. "काढ." धार पुन्हा लागली. तिनं परत दाबला, परत काढला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती करत राहिली.

"टाकीतलं पेट्रोल आपल्या वजनानं खाली येतं," मी सांगितलं. "जेवढं खाली येईल तेवढी हवा वरून आत जावी लागते. भोक बुजवलं की हवा बंद, पेट्रोल बंद, गाडी बंद. झाकण उघडलं की हवा आत शिरते, तोच हा उसासा. फुंकर मारा, नाहीतर गाणं म्हणा. गाडी चालू होणारच."

हरिचंद्र म्हणाला, "आणि झाकण इतकं घासून का पुसता, महाराज?"

शेठ टाकी बघत होता. "नाके पे तुमचा माणूस लावतो, इकडे तुम्ही पुसता. साईं, दोन्ही टोकाला एकच दुकान. धंदा अच्छा है."

हसू फुटलं आणि महाराजांचा आवाज त्यात बुडाला. चेला आधीच दिसेनासा झाला होता. हातोडा कुणी उचलला नाही.

सासूबाई तिथंच मातीत बसल्या. "मला वाटलं, निदान आवाज तरी राहिला तिचा," त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही.

उत्पलानं पेट्रोलचा अंगठा फ्रॉकला पुसला. "म्हणजे आई इथं नाही."

"नाही."

"टाकीत नाही, झाडावर पण नाही."

"नाही, बाळा. कुठंच नाही."

अंजना गेली त्या दिवसापासून ती रडली नव्हती. तिथं, त्या सगळ्या माणसांत, माझ्या शर्टात तोंड खुपसून रडली. मीही रडलो. माणसं हळूहळू निघून गेली.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. गाडी बंद पडली तर झाकण बघा, नळी बघा, कुणाला तरी विचारा. माणूस गेलं असेल तर रडा, जेवढं यायचं तेवढं रडा. ही दोन कामं वेगळी ठेवा. ती एकत्र केली की मधे कुणीतरी शेंदूर घेऊन येऊन बसतो.