टोपलीखालची भाकरी

पालीच्या सगुणाआजीला एकाच गोष्टीचा तोरा होता, आणि ती तो लपवतही नसे.

"आमचे हे मुंबईला गोदीत. वर्षातून दोनदा यायचे, शिमग्याला नि गणपतीत. पण चाळीस वर्षांत नाचणीची भाकरी म्हणून त्यांच्या ताटात पडू दिली नाही मी. भातच! लिही."

तेजस्वी लिहीत होती. रत्नागिरीच्या कॉलेजातली पोर. म्हाताऱ्या माणसांचा अख्खा जन्म ऐकायचा नि कोण काय खात होतं, कधी सोडलं, ते टिपायचं, हे तिचं काम. गेल्या वर्षी तिनं आजीच्या नवऱ्याला, भिकूआजोबांना, बोलतं केलं होतं. मार्गशीर्षात आजोबा गेले.

"मग तुम्ही काय खायचात?"

"आम्हाला कुठला भात? तांदूळ यांच्यासाठी राखायचा. मी नि पोरं नाचणीवर. हे जेवायला बसले की माझी भाकरी टोपलीखाली. ते उठले की चुलीमागे बसून खायची. कळलं असतं, तर घास उतरला असता का त्यांच्या घशाखाली?"

तेजस्वीचं पेन थांबलं.

"काय गो? तोंड का पडलं?"

"काही नाही, आजी."

"मला फसवतेस? चार पोरं वाढवलीत मी. बोल."

तेजस्वीनं चाचरत मोबाईल काढला. "आजोबांचं बोलणं आहे. 'माझ्यामागे ऐकव, आत्ता रागवेल,' म्हणाले होते."

भिकूआजोबांचा खरखरीत आवाज पडवीत आला. "खानावळीत रोज भातच. जीव सगळा नाचणीच्या भाकरीवर. एस्टीत बसलो की वास यायचा नुसता. घरी बघतो तर ही भाताचा डोंगर वाढून हसत उभी. भाकरी मागितली असती, तर म्हणाली असती, माझ्या हातचा भात गोड लागत नाही. तिचं मन कशाला मोडा? खाल्ला गपचूप, चाळीस वर्षं."

आजीनं ते दोनदा ऐकलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली. चुलीच्या जागी आता गॅस होता. शेतात काजू लावल्यापासून नाचणी घरात यायची ती सुनेच्या बिस्किटांच्या पुड्यातून तेवढी. कोपऱ्याकडे बघत आजी उभी राहिली. तिथं आजोबांचा पाट असायचा, आणि पलीकडे टोपली.

तिला रडूच फुटलं.

"अहो, एकदा मागायची तरी!" ती म्हणाली. "हातभर अंतरावर होती."