सातवी गोळी मी झाडली नाही

मित्रांनो, स्टुडिओत मला आपटफळी म्हणत. आता मी बरीच जुनी झाले आहे. दोन सागवानी फळ्या, एका टोकाला बिजागरी, पाठीला दोन मुठी. फळ्या एकमेकींवर आपटल्या की रेडिओवर माणूस मरतो. माझ्यामुळे किती मेले याची गणती नाही. खरचटलं मात्र कुणालाच नाही.

माझा जन्म मंडईमागच्या एका सुताराकडे झाला. खरं तर माझा पाट व्हायचा होता. पण नभोनाट्यांचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओतले श्यामराव तिथे आले. त्यांनी मला टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "हिच्यात बंदूक आहे."

श्यामरावांचं काम आवाज काढायचं. करवंट्यांचा घोडा, पत्र्याची वीज आणि मी. माणूस भलताच प्रामाणिक. पोलिसातल्या मेहुण्याला गाठून त्यांनी हत्यारांची सगळी माहिती करून घेतली होती.

आणि लेखक? मुलांसमोर बोलू नये, पण बोलते. त्यांनी हातात धरलेलं सर्वांत घातक हत्यार म्हणजे विळी, तीही बायकोने काढून घेतलेली. पहिल्या वाक्यात पिस्तूल, दुसऱ्यात रिव्हॉल्व्हर, तिसऱ्यात बंदूक, आणि वस्तू एकच! यांचा गुप्तहेर नळीचा वास घेऊन सांगणार, "बरोबर वीस मिनिटांपूर्वी झाडली आहे." घरी आमटी सकाळची की रात्रीची हे यांना स्वतःला वासावरून सांगता येत नव्हतं.

या सगळ्यांचे मेरुमणी उत्तरेश्वरराव. त्यांच्या एका नाटकात पहिल्याच प्रवेशात इन्स्पेक्टर रिव्हॉल्व्हर उघडून म्हणतो, "सहा घरं, सहा गोळ्या." तिसऱ्या प्रवेशात तेच रिव्हॉल्व्हर खलनायक पळवतो आणि एका दमात सात गोळ्या झाडतो.

श्यामराव अदबीने म्हणाले, "अहो, एक गोळी जास्त होतेय."

"श्याम, श्रोते नाटक ऐकतात. गोळ्या मोजत नाहीत."

मुद्रणाला श्यामरावांनी मला सहा वेळा आपटलं. सातव्याला हात जागच्या जागी ठेवला. सातवी गोळी ज्याला लागायची तो नट वाट पाहत उभा राहिला, मग "अगं आई गं!" म्हणून आपणहून मेला. टेप महाग, पुन्हा मुद्रण नाही. नाटक तसंच गेलं.

पुणेकरांची पोस्टकार्डं आली, ढिगाने. मंडईतून कात्रजला टांगा दहा मिनिटांत पोचेलच कसा? कात्रजचा टांगेवाला 'आहे' कसा म्हणेल, 'हाय' नको का? गोळ्यांबद्दल चकार शब्द नाही. फक्त एकाने विचारलं होतं, शेवटचा इसम हृदयविकाराने वारला काय?

त्या एका कार्डावर स्टुडिओच्या मालकांनी शेरा मारला, 'ध्वनी चुकला. श्याम.' उत्तरेश्वररावांनी तो वाचला आणि गप्प बसले. श्यामरावांना टेपांच्या कपाटाशी बसवलं. पुढे लग्नकार्यात भेटणारे लोकसुद्धा विचारत, "काय श्यामराव, हात कसा आहे?" त्यांनी मला घरी नेलं आणि ट्रंकेत ठेवलं. डांबराच्या गोळ्यांत मी चाळीसहून जास्त वर्षं काढली.

या वर्षी कर्वेनगरच्या तेजस्विनीने तेच नाटक तिच्या पॉडकास्टसाठी करायला घेतलं. आवाजाला ऐंशीचे श्यामराव, मार्गदर्शनाला चौऱ्याऐंशीचे उत्तरेश्वरराव. दोघं एकाच सोफ्यावर, मध्ये दोन उशा.

"श्यामकाका, स्क्रिप्ट ओरिजिनलच ठेवतेय हं. सात शॉट्स."

"मी सहाच देणार."

"काही टेन्शन नाही. सातवा मी कॉम्प्युटरवरून टाकते. एक क्लिक!"

श्यामरावांचा चेहरा उतरला. ज्या गोळीसाठी त्यांनी आयुष्यभर 'हात चुकला' असं ऐकून घेतलं, ती आता त्यांना न विचारताच सुटणार होती. आणि ऐकणारे म्हणणार, बघा, तेव्हा म्हाताऱ्याचा हातच चुकला होता.

बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडून त्यांनी मला उचललं.

मुद्रण सुरू झालं. एक, दोन, तीन. एकही आवाज मागेपुढे पडला नाही. चार, पाच, सहा. श्यामरावांनी मला मांडीवर ठेवलं. तेजस्विनीचं बोट खाली जायला निघालं.

"थांबा हो बाई," उत्तरेश्वरराव ओरडले. "सातवी नको. सहातच मारा त्याला."

"आजोबा, टेक चालू आहे!"

"असू दे. श्याम, तुझा हात तेव्हा चुकला नव्हता. मीच मोजलं नव्हतं. आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं."

श्यामरावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. मग विचारलं, "तेजस्विनीबाई, हे रेकॉर्ड झालं का?"

"झालं ना काका. आता पुन्हा घ्यावं लागेल."

"मुळीच घ्यायचं नाही," श्यामराव म्हणाले. "पहिल्यांदाच यांचं वाक्य बिनचूक आलंय."

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसत जा, ट्रंकेत कोंडू नका. आणि नाटकात कुणाला मारायचंच असेल, तर आधी बोटांवर मोजा. न मोजलेली गोळी नटाला लागत नाही. ती फळी धरणाऱ्याला लागते.