उदयसिंहाचा कान

राजेश्वरीबाईंनी तक्रार सांगताना आवाज मुद्दाम खाली ठेवला होता. पण त्यामुळेच ती उदयसिंहाला अधिक झोंबली. कोपरखैरण्यातल्या ज्या सभागृहाची ध्वनिव्यवस्था तो सोळा वर्षे सांभाळत होता, त्या सभागृहाच्या त्या चिटणीस होत्या.

"मोहिते, पुढच्या चार रांगांतली माणसं उठून मागे जाऊन बसतात. आवाज टोचतो म्हणतात. कमिटीत विषय निघालाय. पुढच्या महिनाअखेरीस भजनस्पर्धा आहे. तोवर नीट झालं तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस बघायचा असं चाललंय."

"दुसरा माणूस कशाला? स्पीकरला दुसरे हॉर्न बघा," उदयसिंह म्हणाला. "दहा वर्षांचे झालेत. त्यांचे पडदे गेले, त्याला मी काय करू?"

साताऱ्याहून आलेल्या या माणसाचे सारे भांडवल म्हणजे त्याचा कान. रिकाम्या सभागृहात एक टाळी वाजवून तो कोणता सूर घुमणार ते सांगे, आणि तुर्भ्याच्या गोदामात वीस स्पीकरांच्या गोंगाटातून फाटका नेमका वेगळा काढी. त्याचा भागीदार नौमान, पनवेलकडचा, वयाने बारा वर्षांनी लहान, गिऱ्हाइकांपुढे या कानाचे वर्णन घरच्या दागिन्याचे करावे तसे करीत असे. त्या कानावर आता कमिटीत चर्चा होणार होती. तेव्हा उदयसिंहाने ठरविले, की कान खरा आणि हॉर्न खोटे हे मापून, कागदावर दाखवूनच द्यायचे.

त्यासाठी ध्वनी मोजणारे सॉफ्टवेअर हवे होते. कोणते, यावर आठ दिवस वाद झाला. नौमानचा कल फुकट मिळणाऱ्याकडे होता. ते खालून वर चढत जाणारा एक सूर सोडते आणि मग निवांतपणे ग्राफ काढून देते. उदयसिंहाला हे मुळीच मान्य नव्हते.

"रिकाम्या सभागृहाचा ग्राफ घेऊन काय करू? माणसं भरली की सभागृह बदलतं. झोपलेल्या माणसाच्या तोंडाकडं बघून स्वभाव सांगतोस का तू? मला कार्यक्रम चालू असताना दाखवणारं पाहिजे."

"ते वर्षाचं भाडं मागतं, भाऊ."

"मागू दे."

"तुमी वकील व्हायला पायजे होतं," नौमान हसून म्हणाला. "घ्या. पण दोनशे पानांची पुस्तिका वाचणार कोण?"

"मी."

आणि त्याने ती खरोखर वाचली. सानपाड्याच्या घरातले जेवणाचे टेबल तीन आठवडे मापाच्या माइकने आणि वायरींनी व्यापले. मिक्सरमधून निघालेला आवाज आणि माइकपर्यंत पोहोचलेला आवाज यांची तुलना करायची. जो फरक उरेल तो स्पीकरचा आणि जागेचा. आवाजाला वाट चालायला वेळ लागतो, म्हणून तेवढा उशीर आधी हिशेबात धरायचा. ग्राफच्या माथ्यावर आणखी एक बारीक रेषा असे. ग्राफच्या कोणत्या भागावर किती विश्वास ठेवावा हे ती सांगे. स्वतःच्या शंकेची जागा स्वतःच दाखविणाऱ्या या यंत्राबद्दल उदयसिंहाला आदर वाटू लागला.

"एकदा माझं बोलणं पण मोजा," वायरींमधून चहाचा कप पुढे सरकवीत सुनयना म्हणाली. "तीनतीनदा सांगावं लागतं तुम्हाला."

"बायको पुटपुटते, असा ग्राफ येईल," तो म्हणाला.

मापाचा दिवस रविवार सकाळचा ठरला. नौमानने मिक्सरमधल्या सगळ्या दुरुस्त्या काढून टाकल्या आणि स्पीकर आधी उघडे, जसेच्या तसे मोजले. रेषा जवळजवळ सरळ आली.

"हॉर्न तर ओके आहेत," नौमान म्हणाला.

"आता माझं सेटिंग लाव."

रेषा चार हजारांच्या कंपनसंख्येपर्यंत सरळ चालली आणि तिथून डोंगर चढू लागली. शेवटी ती दहा डेसिबल वर होती. उदयसिंहाने माइक खोटा ठरविला. नौमानने दुसरा लावला. पंखे बंद केले, दारे लावून घेतली, माइकची जागा तीनदा बदलली. डोंगर हलला नाही, आणि माथ्यावरची विश्वासाची रेषाही खाली आली नाही.

"हे वरच्या सुरांचं ट्रेबल कुणी वर नेलं?"

नौमानने मिक्सरकडे पाहिले. "या मिक्सरला तुमच्याशिवाय हात कोण लावतो, भाऊ?"

पाचवी हरकत उदयसिंहाजवळ तयार होती, पण ती त्याने उच्चारली नाही. खुर्ची ओढून त्याने सॉफ्टवेअरमधून एकेक शुद्ध सूर सोडायला सुरुवात केली. एक हजार स्वच्छ ऐकू आला. दोन हजारही. चार हजार भिंतीपलीकडून यावा तसा आला. सहा हजारांचा आकडा त्याने टाकला, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर सुळका उभा राहिला. सभागृह शांत होते. त्याने आवाज वाढविला. सुळका चढला. आणखी वाढविला. मागे वळून पाहतो तो दारात आलेल्या राजेश्वरीबाईंनी दोन्ही हातांनी कान झाकले होते.

"बंद करा, भाऊ! बंद करा!" नौमान ओरडत होता.

"चालू कुठं आहे?" उदयसिंह म्हणाला.

नौमानने पुढे होऊन बटण दाबले. उदयसिंहाच्या लेखी काहीच बदलले नाही. फक्त राजेश्वरीबाईंचे हात खाली आले.

"काय झालं हो?" त्यांनी विचारले.

"टेस्टिंग, मॅडम," नौमान म्हणाला. "सापडला फॉल्ट."

त्या गेल्या. दरवर्षी थोडे थोडे करीत, आपल्याला वरचे सूर कमी पडतात म्हणून, आपण ते सगळ्यांच्या कानांत ओतत आलो, हे मनात मांडायला उदयसिंहाला फार वेळ लागला नाही. शिस्तीने युक्तिवाद करायची त्याची सवय इथे त्याच्यावरच उलटली होती.

"ग्राफ सरळ ठेवायचा, बस," नौमान म्हणाला. "डोळे आहेत ना? कुणाला कळतंय?"

रेषा सरळ झाली. तिच्यातून आलेले गाणे उदयसिंहाला गोधडीखालून आल्यासारखे वाटले. "आता कसं गोड वाटतंय," राजेश्वरीबाई म्हणाल्या, आणि त्याने मान डोलाविली.

स्पर्धेच्या दुपारी पहिली दोन मंडळे बिनघोर पार पडली. उदयसिंहाची नजर पडद्यावरून हटली नव्हती. तिसरे मंडळ माथाडी वस्तीतल्या बायकांचे होते. टाळ केशरबाईंच्या हातात होता. मागच्या रांगेत उभ्या राहून त्या सगळ्यांना लयीवर ठेवीत. दुसऱ्या अभंगाला, सहा हजारांच्या जरा पुढे, पडद्यावर एक टोक उभे राहिले आणि तिथेच थांबले. मग ते वाढू लागले.

शिट्टी अशीच जन्माला येते. माइक स्पीकरचा आवाज पकडतो, स्पीकर माइकचा, आणि एकदा का ती धरली की सभागृह कान झाकून उठते. पूर्वीच्या उदयसिंहाला निर्णयाला क्षणही लागला नसता. नौमान रंगमंचावर एक माइक नीट करायला गेला होता. मागच्या माइकवर ते टोक सर्वांत मोठे दिसत होते. उदयसिंहाने त्या माइकचा तेवढा भाग कापला. टोक बुडाले. केशरबाईंनी हातातल्या टाळाकडे पाहिले आणि तो अधिक जोराने वाजविला. टोक पुन्हा डोकावले. त्याने आणखी खोल कापले.

पुढच्या बायका आपल्या समोरच्या स्पीकरमधला टाळ ऐकून चालल्या होत्या. त्यांची लय सैल झाली. एक ओळ दोघींनी आधी उचलली आणि तिघींनी नंतर. परीक्षकांनी माना वर केल्या. केशरबाई घामाघूम होऊन हात आपटीत होत्या. नौमान रंगमंचावरून पायऱ्या सोडून उडी मारून आला.

"शिट्टी नव्हती, भाऊ," कापलेला भाग वर आणीत तो म्हणाला. "टाळ होता."

तोवर अभंग संपला होता. बायका एकमेकींकडे न पाहता खाली उतरल्या.

उदयसिंह उठला. "बस इथं."

"तुमीच बसा. मी बाजूला उभा राहतो. शिट्टी आली तर खूण करतो."

"आणि टाळ आला तर दुसरी खूण? मग खुर्चीत बसलाय कोण, तू का मी?"

चौथे मंडळ पेटी जुळवू लागले होते आणि कुणीतरी मिक्सरवर असणे भाग होते. नौमान खुर्चीत बसला. त्याने आधी लॅपटॉपचा पडदा बाजूला वळविला आणि मग, मान किंचित कलती करून, ऐकू लागला.