नाकासकट फोटो

वधूवर मंडळवाल्यांनो, पोरींच्या तोंडाला चुना तुम्ही फासलात. भिंतीवर "फोटो उजळ हवा" अशी पाटी लावलीत आणि तिच्याखाली बसून संस्काराच्या गप्पा मारल्यात.

भांडुपच्या वसुधाचं काय केलंत ते ऐका. सत्त्याऐंशी साल. "सावळा आलाय" म्हणून तिचा फोटो तुम्ही परत पाठवलात. मग स्टेशनजवळच्या फोटोवाल्या श्यामसुंदरने तो तुम्हाला हवा तसा काढला. सायकलच्या रिमवर त्याने गोल बल्ब बसवले होते. ती रिम कॅमेऱ्याच्या तोंडाभोवती टांगली, की उजेड थेट माणसाच्या तोंडावर. सावली औषधालाही उरत नाही; नाक सपाट, गाल सपाट. उरलासुरला रंग निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवायचा. वसुधा दुधात बुडवून काढल्यासारखी दिसली. तुम्ही खूश.

त्या फोटोवर पार्ल्याचं स्थळ आलं. वसुधा नारळाच्या वड्या घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईने वडी तोंडात टाकली आणि तिलाच म्हणाली, "छान झाल्यात हो. आता मुलीला बोलवा ना."

वसुधाची कानशिलं तापली. "मीच ती."

बाईंनी पर्समधून फोटो काढला. एकदा त्याच्याकडे, एकदा हिच्याकडे बघितलं आणि उठल्या. "फसवतात मेले!" जिन्यावरून ऐकू आलं. सगळ्या चाळीने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी वसुधा स्टुडिओत हजर.

"श्यामभाऊ, पुन्हा काढा. आहे तशी."

"मंडळ घेणार नाही गं."

"मंडळाला लग्न करायचंय माझ्याशी? आणि ती रिम हलवा आधी. चोराच्या तोंडावर बॅटरी मारल्यासारखं वाटतं."

श्यामसुंदर हसला. रिम काढून त्याने डाव्या अंगाला, डोक्याच्या जरा वर टांगली. तरी उजेड टोचतच होता, कपाळ तेल लावल्यासारखं चकाकत होतं. मग त्याने जुन्या धोतराचा विरलेला तुकडा रिमपुढे वीतभर अंतर ठेवून ताणला.

"बल्बला चिकटला तर स्टुडिओची होळी," तो म्हणाला.

कापडभर उजेड पसरला. वसुधाला डोळे उघडे ठेवता आले.

"नाकाची सावली पडतेय. चालेल?"

"पडू दे. आईचं नाक आहे. पेन्सिल लावलीत तर बोटं मोडीन."

"बरं बाई. उजेड कमी झालाय, शटर हळू ठेवतो. हलू नकोस."

"मी कशाला हलू?"

फोटोत तिचा रंग उमटला, गालाचं हाड उमटलं, रागसुद्धा उमटला. तो घेऊन ती तडक मंडळात गेली. मागे फोटोंची पाकिटं घेतलेल्या पोरींची रांग.

कार्यवाहांनी चष्मा लावला. "अगं, याने कुठलं स्थळ येणार? तो आधीचाच राहू दे."

"तो फाडा."

"हे बघ, तुझ्या भल्यासाठीच—"

"भलं झालं ना परवा. लोक 'फसवतात मेले' म्हणून माझ्या दारात थुंकून गेले." वसुधाने खुर्ची ओढली आणि टेबलासमोर ठाण मांडलं. "तो चेहरा मी मागितला नव्हता, तुम्ही मागितला होतात. मग फसवलं कोणी, मी की तुम्ही? या सगळ्यांसमोर सांगा. उत्तर मिळाल्याशिवाय मी उठत नाही."