मला रद्द करता येत नाही

मी रिद्धीच्या दत्तकाचा दस्त बोलतोय. आवाज चढलेला वाटेल, पण गेल्या सोमवारी मला रद्द करायला नेलं होतं. रद्द! मला! मग काय गोड बोलू?

जुन्नरला कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली राजमहंमदभाईंचं टेबल आहे. ते दस्तलेखक. सतरा वर्षांपूर्वी त्याच टेबलावर माझा जन्म झाला. भांड्यांचे व्यापारी दलीचंदशेठ आणि गुलाबबाई यांना मूल नव्हतं. गुलाबबाईंची धाकटी बहीण डिंपल मंचरला दिलेली. तिने आणि तिच्या नवऱ्याने आपली तिसरी मुलगी, दीड वर्षांची रिद्धी, त्यांना द्यायचं ठरवलं. चौघांच्या सह्या झाल्या तसे शेठ निघाले. राजमहंमदभाईंनी त्यांना खाली बसवलं.

"शेठ, नुसत्या सह्यांनी दत्तक व्हत न्हाई. होमहवन नसलं तरी चालतं, पर पोर मांडीवर द्यावी लागती. त्यांनी द्यायची, तुमी घ्यायची."

डिंपलने पोर उचलून बहिणीच्या मांडीवर ठेवली आणि तोंड फिरवलं. रिद्धीच्या मुठीत पेढा होता. तोच हात तिने माझ्या तिसऱ्या पानावर दाबला. शेठ चिडले, पण राजमहंमदभाई म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, तिचीबी सही झाली." मग माझी नोंदणी झाली.

त्यानंतर मी पापडाच्या डब्यात राहायला गेलो. गुलाबबाईंचा कपाटांवर विश्वास नाही. पुढे चार वर्षांनी त्यांना पोटचा मुलगा, संयम, झाला, तेव्हाही मी निवांत होतो. रिद्धी शाळा सुटली की दुकानात बसायची. कळशीवर बोटाने टिचकी मारून पत्रा जाड की पातळ ते सांगायची. गिऱ्हाइकं तिचंच नाव घेत यायची.

हेच भावकीला खुपलं. पोटचा मुलगा असताना हिचा वाटा कशाला, वेळेत दत्तक मोडून टाका, असं कुणीतरी शेठच्या कानात भरलं. शेठनी आयुष्यभर गाळे भाड्याने दिले, करार केले, करार मोडले. त्यांना वाटलं, मीही तसलाच कागद. माणसं कागद जपून ठेवतात, पण वाचत नाहीत, याचा मला फार राग येतो.

सोमवारी गुलाबबाई आणि रिद्धी प्रवचनाला गेल्या आणि शेठनी डबा उघडून मला थेट त्या शेडखालच्या टेबलावर नेलं.

"राजमहंमदभाई, याचा रद्दलेख लिहा."

राजमहंमदभाईंनी चष्मा पुसला. "भाडेकरार रद्द व्हतो शेठ. लेक रद्द व्हत न्हाई. नीट झालेलं दत्तक कुणालाच मोडता येत न्हाई, कायद्यातच हाय. तुमाला न्हाई, अन् तिलाबी सोडून मागं जाता येत न्हाई."

"मी दुसऱ्याकडनं लिहून घेईन."

"घ्या की. जुन्नरात लई टेबलं हायेत. पर त्या लिहिण्याला काय अर्थ ऱ्हाणार न्हाई."

तेव्हा मला जे वाटलं, ते सांगतोच. मला नाचावंसं वाटलं.

शेठ घरी आले तर दारात गुलाबबाई, हातात रिकामा डबा; भावकीची कुजबुज त्यांच्याही कानावर आली होती. "अहो, माझ्या मांडीवरची लेक परत करायला गेला होता?" मागे रिद्धी बॅग भरत होती. डोळे लाल, पण आवाज खणखणीत. "मम्मी, राहू दे. मीच जाते मंचरला. यांना मी नको असेन तर मलाही हे घर नको."

शेठनी तिच्याकडे पाहिलं. मग मला तिच्यापुढे धरलं. माझं तिसरं पान, पेढ्याच्या डागाचं, वर होतं.

"तुला जाता येत नाही," ते म्हणाले. "मलाही सोडता येत नाही. चुकलं माझं, बेटा."

रिद्धीने त्या डागावर आपला मोठा हात ठेवून पाहिला. रडली. मग तोच हात पुढे केला. "मग दुकानाची चावी द्या. उद्या शटर मी उघडणार."

शेठनी चावी दिली.

आता मी डब्यात नाही, रिद्धीच्या फाइलमध्ये सगळ्यात वर आहे. कानात भरणाऱ्यांनो, पुन्हा या. मला फाडा, चुलीत घाला. माझी नक्कल नोंदणी कार्यालयात आहे. आणि तीही समजा उंदरांनी खाल्ली, तरी एक पोर एका आईच्या मांडीवर बसली होती. तिला तिथून उठवून दाखवा.