तारेतलं पुसलेलं अक्षर

भगवानराव मास्तरांनी तार खिडकीशी नेली, उलटी करून उजेडात धरली, मग टेबलावर पसरून तिच्यावर भिंग ठेवलं. जांभळ्या पेन्सिलीचा डाग बोटाएवढा फुगला होता.

"भिजवली कशी रे ही?"

दारात उभ्या असलेल्या जब्बार पिंजाऱ्यानं सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. खिसा अजून ओला होता. सकाळी रामलाल पोस्टमननं तार हातात दिली, तेव्हा गावात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं. एकसष्ट सालचा वैशाख. दोन कोस सायकल मारून तो आर्णीला आला होता, आणि सगळा वेळ तार छातीशी, घामात राहिली होती.

तारेत शब्द मोजकेच. आधी शकील, मग तो डागाळलेला शब्द. पुढे 'पत्र मागून येत आहे', आणि खाली वाहिद. वाहिद म्हणजे जब्बारचा मेव्हणा, मुंबईच्या गोदीत कामाला होता. त्याच्याच भरवशावर एकोणीस वर्षांचा शकील महिन्यापूर्वी खलाशी व्हायला गेला होता.

"शेवटची पाच अक्षरं दिसतात," मास्तर म्हणाले. "ए, आय, एल, ई, डी. पहिलं गेलं."

"एकच गेलं ना, गुरुजी?"

"एकच."

मास्तरांनी कोश काढला. त्या पाच अक्षरांच्या पुढे एकेक अक्षर लावून ते पाहू लागले. बहुतेक ठिकाणी शब्दच होत नव्हता. एचला झाला, पण तो गारा पडण्याचा. एनला झाला, तो खिळे ठोकण्याचा. आणखी दोन-चार झाले, पण तारेत बसेनात. डब्ल्यूपाशी ते थांबले, 'आक्रोश करणे' हा अर्थ वाचला आणि कोश मिटला. कागदावर तीन शब्द उरले होते.

"एफ लावला तर फेल्ड. डॉक्टरी तपासणीत नापास झाला. जे लावला तर जेल्ड."

"जेल?" जब्बार उंबऱ्यावर बसला. वाहिदनंच मागे लिहिलं होतं, गोदीतली पोरं चोरट्या घड्याळांपायी पकडली जातात म्हणून. "आन् तिसरा?"

"एस. सेल्ड."

"फेल समजते मले. जेलबी समजते. हे सेल काय असते?"

"जहाजावर चढला. गेला समुद्रात."

"मंग तुमीच सांगा न, कोनतं हाय ते. तुमी इतके पोरं मॅट्रिक केले."

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला.

"अर्थ तिन्हींचा सांगतो, जब्बार. अक्षर कुठून आणू?"

तार यवतमाळच्या तारघरात उतरवून घेऊन तिथून टपालाच्या थैलीतून आली होती. नक्कल तिथंच असणार. पण शनिवारची दुपार झाली होती. आता सोमवारीच.

घरी त्याची बायको जैबुनबी गादीला टाके घालत होती. जब्बारनं तिन्ही शब्द सांगितले. तिनं सुई थांबवली नाही.

"याच्यातल्या कोनत्यात तो घरी येते?"

"फेलमंदी."

"मंग तेच असन."

रविवारी सकाळपर्यंत तिनं सगळ्या गल्लीला सांगून टाकलं, शकील नापास झाला, आता घरी येते. शेजारची हुस्नाबी समजूत घालायला आली, तर जैबुनबीच्या तोंडावर हसू. पोरगं नापास झालं म्हणून एवढी खुलणारी आई हुस्नाबीनं पाहिली नव्हती. ती बुचकळ्यात पडून परत गेली. जैबुनबीनं शकीलचा कोपरा शेणानं सारवला, त्याच्या आवडीच्या शेवया वळायला घेतल्या.

जब्बार पाहत होता. नको म्हणायला त्याची जीभ रेटेना. डोळे मिटले की त्याच्या मनात जेलचा 'जे' उभा राही. मशिदीत दुवेला हात उचलले, पण मागावं काय, ते ठरेना. शब्द तर मुंबईत कधीच लिहून झाला होता.

सोमवारी यवतमाळच्या बाबूनं फाईल उलटली आणि बोट ठेवलं.

"एस. सेल्ड. जहाज सुटलं त्याचं."

"जेल नाई न साहेब?"

"जेल कायले? एस आहे म्हटलं ना."

जब्बार बाहेर येऊन कडुनिंबाखाली उभा राहिला. त्यानं अल्लाचे आभार मानले. मोटारीत बसल्यावर मात्र त्याला आठवलं, एकदा चढलेला पोरगा दोन वर्षं घर पाहत नाही, असंही वाहिदनंच लिहिलं होतं.

तो गावात पोचला तेव्हा दिवस मावळत होता. जैबुनबीनं पाण्याचा तांब्या दिला. खाटेवर पसरलेल्या शेवया वाळून कडक झाल्या होत्या.

"काय म्हनला बाबू?"

"तिथंबी पुसटच हाय. चिठ्ठी येईन म्हने."

तिनं मान हलवली. ताट वाढलं, भाकरी ठेवली, कांदा फोडून दिला. तो जेवू लागला तशी ती समोर बसली, पदर गुडघ्यांवर ओढून.

"काहो," ती म्हणाली, "तिथं चारी बाजूनं पानीच पानी असते म्हने. नमाजाले पश्चिम कोनती, कसं समजत असन त्याले?"

जब्बारच्या हातातला घास ताटात परत गेला.

"सांगत असन कोनी," तो म्हणाला.