आमची वळख न्हाई

पाटणला बदली झाली तेव्हा आई म्हणाली, "चला, पलूसच्या जवळ आलीस." स्वतःचा जिल्हा आम्हाला मिळत नाही, शेजारचा मिळाला एवढ्यावरच ती खूश. पण न्यायाधीशाला जवळ असं काही नसतंच. गावात कुणाच्या लग्नाला जायचं नाही, वकिलाच्या घरचा चहा घ्यायचा नाही, भाजीवालीशीसुद्धा बेतानं बोलायचं, कारण उद्या तीच फिर्यादी म्हणून समोर उभी राहील. तीन वर्षं असं राहायचं आणि मग दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा तसंच राहायचं. हे जमेल का, असं नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारत नाही.

माझं नाव ब्राह्मी. पाटणात ते कुणाच्या तोंडी नव्हतं. शिपाई गुंडा मला साहेब म्हणतो, वकील साहेब म्हणतात, आरोपी तर म्हणतोच. बाईमाणसानं दिवसभर साहेब ऐकून घ्यायचं आणि संध्याकाळी क्वार्टरवर आलं की तेही म्हणायला कुणी नाही. मी एकटी होते. उगाच आडपडदा कशाला, फार एकटी होते.

क्वार्टरच्या मागच्या भिंतीपलीकडं एक म्हातारी राहायची. पहिल्याच आठवड्यात तिनं भिंतीवरून डोकं वर काढलं. "नाव काय गं तुजं?"

"ब्राह्मी."

"बिरमी," ती म्हणाली आणि विषय मिटवून टाकला. "मला समदी आक्काच म्हणत्यात."

तेव्हापासून ती भिंत आमचा कट्टा झाली. निकालपत्रांच्या मराठीखाली मी माझी पलूसची बोली पुरून टाकली होती, ती आक्कासमोर आपसूक वर यायची. "आक्का, जेवलासा काय?" मी विचारायची. "माजं ऱ्हाऊ दे, तू जेवलीस न्हवं दिस बुडायच्या आत? तुमचं जैनांचं लय अवघड बाई," ती म्हणायची. एकदा ती ओच्यातून कांदे घेऊन आली. कुणाकडून काही घ्यायचं नाही हा आमचा नियम, पण म्हातारीला नियम काय सांगायचा? मी म्हटलं, आमच्यात कांदा चालत नाही. आमच्या घरी तो फक्त चातुर्मासात बंद असतो, आणि तेव्हा होता फाल्गुन. ती हसत हसत कांदे परत घेऊन गेली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती मला रोज दिसायची. डोक्यावर वैरणीचा भारा आणि शेतातून घरी यायला ओढ्याकडून भलामोठा वळसा. सरळ पायवाट होती, पण कुणीतरी ती काटेरी तार मारून बंद केली होती. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "जाऊ दे गं. चालल्यालं बरं असतंय." तार मारणारा कोण ते मला ठाऊक नव्हतं, तरी त्याचा मला भयंकर राग यायचा.

जूनमध्ये शेजारच्या कोर्टातल्या न्यायाधीशांची बदली झाली. जागा रिकामी राहिली आणि त्यांचे दावे माझ्याकडं आले. त्यात वहिवाटीच्या रस्त्याचा एक दावा होता, वादी मनुबाई, प्रतिवादी तिचा पुतण्या नाथाजी. सहा वर्षांत न्यायाधीश येत गेले, जात गेले, दावा तिथंच. आता मनुबाईची उलटतपासणी राहिली होती, मग नाथाजीची साक्ष, युक्तिवाद आणि निकाल. दिवाळीच्या आत हा काढायचाच, असं मी ठरवलं.

तारखेला गुंडानं दारात जाऊन नेहमीसारखा तीनदा पुकारा केला. "मनुबाई हाजिर हाय का?" पुकारा ऐकून आत आली ती आक्का.

धुवट लुगडं, डोक्यावर पदर. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली, वर बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. दावा कोणत्या साहेबाकडं गेलाय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वकील सांगेल त्या तारखेला येऊन बाकावर बसायचं, एवढंच कोर्ट तिला माहीत. आणि भिंतीशी एवढ्या गप्पा मारून तिनं या दाव्यातलं एक अक्षर मला कधी सांगितलं नव्हतं. शेजारीण जज्ज आहे म्हणूनच सांगितलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं.

क्लार्कनं शपथ दिली. ईश्वराला स्मरून खरं सांगेन, असं ती म्हणाली. मी पेन खाली ठेवलं.

"वकीलसाहेब, एक मिनिट."

आक्का एव्हाना कोर्ट शिकली होती. साहेबानं पेन खाली ठेवलं की पुढची तारीख पडते, हे तिला पक्कं ठाऊक. कुणी काही विचारायच्या आत ती बोलून गेली, "न्हाई सायेब. आमची कायबी वळख न्हाई."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. ओळखीचं कुणी विचारलंच नव्हतं.

मी गप्प राहिले असते तर? तिचा दावा खरा होता, मला ठाऊक होतं. पंचाईत तीच होती. मला ते खिडकीतून ठाऊक होतं, आणि माझ्या खिडकीची उलटतपासणी नाथाजीच्या वकिलानं कशी घ्यायची? निकाल द्यायचा तो दोघांच्या समोर आलेल्या पुराव्यावर, स्वयंपाकघरातून दिसलेल्या गोष्टीवर नाही. त्या दाव्यात मी साक्षीदार म्हणून शोभले असते, न्यायाधीश म्हणून नाही.

"वादी माझ्या ओळखीच्या आहेत," मी म्हणाले. "रोजच्या. हा दावा मी चालवू शकत नाही."

नाथाजीचे वकील विश्वजित उठले. "साहेब, आमची काही हरकत नाही. आपणच चालवा."

बिचारे मनापासून म्हणाले. त्यांच्या अशिलाचा एक शब्दही न ऐकता मी त्याला कधीच हरामखोर ठरवून बसले होते, हे त्यांना काय माहीत?

"माझी आहे हरकत," मी म्हणाले.

आक्कानं पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. "आवं सायेब, द्येवाशप्पत, मी न्हाई वळखत तुमास्नी. निकाल द्या की. आनि किती दिस..." तिच्या वकिलानं हात करून तिला गप्प केलं. तिचं ते बोलणं मी नोंदवलं नाही.

मी साताऱ्याला जिल्हा न्यायाधीशांना कळवलं. त्यांनी दावा कराडला वर्ग केला. कराडला जो हरेल तो साताऱ्याला अपील करणार, तिथून कोल्हापूरला हायकोर्टाच्या बेंचकडं, कुणी फारच हट्टाला पेटला तर दिल्ली. खालच्याची चूक वरच्यानं दुरुस्त करायची, म्हणून ही पायरीवर पायरी. शाळांमधल्या कायद्याच्या शिबिरात मी हे मोठ्या अभिमानानं सांगते. सत्तरी उलटलेल्या बाईला कराडच्या एसटीत उभं राहून ही व्यवस्था कशी दिसते, ते सांगायला मात्र मला येत नाही.

दावा माझ्याकडं नव्हता, म्हणजे आता आक्काशी बोलायला आडकाठी नव्हती. खरं सांगायचं तर त्या दिवशी पेन खाली ठेवताना मनाच्या एका कोपऱ्यात हा हिशेब होताच. दावा गेला तरी आक्का राहील. मी रोज भिंतीशी जाऊन उभी राहायची. ती यायची नाही. पलीकडं तिच्या भांड्यांचा आवाज यायचा, म्हशीशी बोलणं ऐकू यायचं, आणि मी आहे हे कळलं की तेही थांबायचं.

मग एकदा मीच मागच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. ती ओढ्याच्या वळणावरून भारा घेऊन येत होती.

"आक्का, जेवलासा काय?"

ती थांबली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. त्याची तर मी वाटच बघत होते. पण तिनं भाऱ्यावरचा एक हात काढला, पदर नीट केला आणि खाली बघितलं, पिंजऱ्यात उभी असताना बघत होती तसं.

"व्हय, सायेब," म्हणाली आणि घराकडं वळली.

आमची ओळख नाही, असं ती शपथेवर म्हणाली होती. ते तिनं खरं करून दाखवलं.